मदत पोचली. पण उपयोग झाला का?

तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याने दक्षिणेला निघालात, की साधारण पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. कावेरीच्या खोऱ्यातलं हे तालुक्याचं गाव. आजूबाजूला भाताची शेतं, नारळाच्या बागा आणि कल्लणै धरणावरून येणारा कालवा. इथे मराठी माणसाला ओळखीचं काही भेटेल, असं वाटत नाही. पण या गावाचं एक जुनं नाव आहे मुक्तांबाळपुरम. हे नाव पडलं ते तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांनी इथे उभारलेल्या छत्रामुळे.

छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर भोसल्यांनी अशी बरीच छत्रं बांधली होती. ओरत्तनाडुचं छत्र एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं, मुक्तांबाळ यांच्या नावाने बांधलेलं. तिथे जेवण होतं, मुक्काम होता आणि मोफत शाळाही होती.

मग तुम्ही म्हणाल, आजच्या गरिबीच्या प्रश्नाचा आणि या दोनशे वर्षांपूर्वीच्या छत्राचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो एका घंटेपासून सुरू होतो.

मध्यरात्रीची घंटा

१७९९ मध्ये तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हातात घेतला. राजांकडे किल्ला आणि मानमरातब उरला. तेव्हा सरफोजी राजांना काळजी होती ती छत्रांची. ती आपल्याच देखरेखीखाली राहावीत म्हणून त्यांनी १८०१ मध्ये कंपनीचे तंजावरमधले रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहिलं. छत्रांत काय काय चालतं, याचं त्यात सविस्तर वर्णन आहे.

कोणत्याही जातीचा वाटसरू येवो, त्याला भात मिळे. शिजवलेलं नको असेल त्याला कोरडा शिधा मिळे. आजारी पडलेल्याला बरं वाटेपर्यंत औषध आणि पथ्याचं जेवण. आईबाप गमावलेल्या मुलांना पंतोजींच्या हवाली केलं जाई. त्यांना तीन वेळा जेवण, कपडे, शिक्षण, इतकंच काय, पुढे लग्नाचा खर्चही छत्र करी. आणि रात्री वाढप संपत आलं की मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा व्हायचा: कोणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं.

ही घंटा मला फार आवडते. ‘आम्ही इतकी पानं वाढली’ असं म्हणून छत्र थांबत नाही. कोण राहिलं, हे ते विचारतं. आजही कितीतरी सरकारी योजनांना हा प्रश्न विचारायला जमत नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे पत्र लिहिणारे स्वतःच छत्रांचे मालक आहेत, आणि छत्रं हातची जाऊ नयेत म्हणून लिहीत आहेत. त्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. तरी आज एखाद्या संस्थेने आपल्याच कामाचा असा अहवाल दिला, तर आपण दुसरा प्रश्न विचारायला हवा. जेवण मिळालं, शिक्षण मिळालं, हे समजलं. त्यामुळे त्या अनाथ मुलांचं आयुष्य किती बदललं? छत्र नसतं तर काय झालं असतं?

सरफोजी राजांना हा प्रश्न नक्कीच परका वाटला नसता. त्यांना वैद्यकाची मोठी आवड होती. त्यांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, आजही सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. औषध दिलं एवढ्यावर वैद्याचं समाधान होत नाही. दृष्टी सुधारली का, हे तो बघतो. गरिबीवरच्या उपायांना हीच शिस्त लावायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

‘कशाच्या तुलनेत?’

हे ऐकायला सोपं वाटतं. पण करायला गेलं की घोळ होतो. कसा, ते बघा.

१६ नोव्हेंबर २०१८ ला ‘गजा’ चक्रीवादळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आलं. तंजावर, पुदुक्कोट्टई, तिरुवारूर, नागपट्टिनम या भागात नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. आता समजा, वादळाच्या आधी एका संस्थेने इथल्या काही गरीब कुटुंबांना शेळ्या दिल्या होत्या. वर्षभराने संस्थेचे लोक कमाई मोजायला आले. कमाई घटलेली दिसली. म्हणजे शेळ्यांचा उपयोग झाला नाही का? कदाचित झाला असेल. शेळ्या नसत्या तर तीच कुटुंबं आणखी खाली गेली असती. पण फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ बघून हे कळणार नाही.

याच्या उलटही होतं. पाऊस चांगला झाला, मजुरी वाढली, सगळ्यांचीच कमाई वाढली. संस्था म्हणते, बघा, आमच्या शेळ्यांमुळे झालं!

बरं, मग ज्यांना शेळ्या मिळाल्या आणि ज्यांना नाही मिळाल्या, त्यांची तुलना करू. तिथेही फसगत होते. शेळी मागायला पुढे येणारी बाई बहुतेक वेळा आधीपासूनच धडपडी असते. ती पुढे गेली, तर ते शेळीमुळे की तिच्या धडपडीमुळे?

यातून वाट काढण्याची एक साधी पद्धत आहे, चिठ्ठ्या टाकणं. समजा दोनशे गावं योजनेत बसतात आणि यंदा पैसे शंभर गावांपुरतेच आहेत. कोणती शंभर, हे आमदार ठरवणार नाही, संस्थाही ठरवणार नाही. चिठ्ठी ठरवेल. चिठ्ठीला कोण धडपडं, कोण आळशी, कोणाची ओळख कुठपर्यंत, काही कळत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंची शंभर-शंभर गावं सरासरीने सारखीच निघतात. वादळ आलं तर दोन्हीकडे येतं, पाऊस पडला तर दोन्हीकडे पडतो. दोन वर्षांनी जो फरक उरेल, तो योजनेचा.

औषधांच्या चाचण्या अशाच होतात. गरिबीवरच्या उपायांसाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरल्याबद्दल २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि मायकेल क्रेमर या तिघांना मिळालं. यातल्या अभिजित विनायक बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर. आणि या पद्धतीचा भारतातला एक गाजलेला प्रयोगही मुंबईतलाच आहे.

मुंबईच्या शाळांतल्या बालसखी

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘प्रथम’ या संस्थेचं काम सुरू झालं. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे ही त्यामागची नावं. मुलं शाळेत तर येत होती, पण तिसरी-चौथीत गेलेल्या कितीतरी मुलांना पहिलीचं वाचन आणि साधी बेरीजही येत नव्हती. शिक्षक पुस्तक पुढे नेत होते आणि ही मुलं मागच्या बाकावर हरवत चालली होती.

मग वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुलींना थोडं प्रशिक्षण देऊन शाळेत पाठवायचं ठरलं. त्यांना नाव दिलं बालसखी. रोज साधारण दोन तास बालसखी मागे पडलेल्या वीसेक मुलांना वेगळं बसवून अगदी मुळापासून शिकवायची.

कल्पना चांगली होती. पण चालते का? २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत हे तपासलं गेलं. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार, ते चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरलं. निकाल स्पष्ट होता. बालसखी मिळालेल्या वर्गांचे गुण वाढले आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो सर्वांत मागे असलेल्या मुलांना.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आणखी एक गोष्ट बाहेर आली. वीस मुलं बाहेर गेल्यावर उरलेला वर्ग लहान झाला होता. आपल्याला वाटतं, वर्ग लहान झाला की शिक्षण सुधारणारच. पण वर्गात राहिलेल्या मुलांना त्याचा म्हणावा असा फायदा झालेला दिसला नाही. फायदा झाला तो मुलाला येतं तिथपासून शिकवल्यामुळे. ही पद्धत पुढे बऱ्याच राज्यांत आणि आफ्रिकेतल्या देशांतही गेली. सगळीकडे ती पहिल्याच फटक्यात जमली असं नाही. काही ठिकाणी सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं, तरी वर्गात काही बदललं नाही, कारण अभ्यासक्रम संपवायची घाई तशीच होती. हरियाणात मात्र शाळेच्या वेळापत्रकात त्यासाठी वेगळा तास ठेवला आणि फरक दिसला. कल्पना चालते हे कळल्यावर ती कोणत्या व्यवस्थेत चालते, हे पुन्हा तपासावं लागतं.

केनियातला एक जुना अभ्यासही इथे आठवण्यासारखा आहे. शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं दिली. कोणाला वाटेल, यात तपासायचं काय? पण सरासरी मुलांच्या गुणांत वाढ दिसली नाही. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्यांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती.

पुन्हा तमिळनाडूत: जेवण आणि धडा

ओरत्तनाडुच्या छत्रात मुलांना जेवण आणि शिक्षण एकाच छपराखाली मिळत होतं. आज हे काम गावोगावची अंगणवाडी करते. तमिळनाडूचं या बाबतीत मोठं नाव आहे. १९५० च्या दशकात कामराज मुख्यमंत्री असताना शाळेतलं दुपारचं जेवण सुरू झालं आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते खूप वाढवलं. देशभरातल्या माध्यान्ह भोजनामागे हा अनुभव आहे.

तुमच्या गावातल्या अंगणवाडीताई आठवा. सकाळी मुलांना गोळा करायचं, जेवण बघायचं, वजन घ्यायचं, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवसाची धावपळ, वर रजिस्टरं. यातून तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायला किती वेळ उरणार?

कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ३२० अंगणवाड्यांत हा प्रश्न घेतला. चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्या अंगणवाड्यांत अर्ध्या वेळाच्या एक जादा ताई नेमल्या. त्यांच्याकडे एकच काम, मुलांना शिकवणं. दीड वर्षाने बघितलं तर शिकवण्याचा वेळ साधारण दुप्पट झाला होता आणि मुलांची गणिताची आणि भाषेची समज दुसऱ्या गटापेक्षा चांगली होती.

आता यातलं आश्चर्य ऐका. त्या अंगणवाड्यांतल्या मुलांची खुंटलेली वाढ आणि तीव्र कुपोषणही कमी झालं. जेवण तर वाढवलं नव्हतं! झालं असं, की शिकवण्याचा भार हलका झाल्यावर आधीच्या ताईंना आरोग्य आणि पोषणाकडे जास्त लक्ष देता आलं. अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा खर्चाच्या मानाने होणारा फायदा कित्येक पटींनी जास्त निघाला.

अंगणवाडीला नुसता ‘आणखी निधी द्या’ म्हणणं आणि ‘शिकवायला अर्ध्या वेळाच्या एक ताई द्या’ म्हणणं, यातला फरक इथे दिसतो. दुसऱ्या मागणीच्या मागे पुरावा आहे. अर्थात पुरावा हाती आला की निर्णय आपोआप होतो असं नाही. पदं, पगार, अंदाजपत्रक, सगळं मध्ये येतं. पण वाद घालायला हाती काही ठोस असतं.

कोरोनानंतरचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. शाळा दीड वर्ष बंद राहिल्या. २०२१ च्या अखेरीस तमिळनाडूने ‘इल्लम तेडि कल्वी’ म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’ अशा अर्थाची योजना सुरू केली. सुमारे दोन लाख स्वयंसेवक, बहुतेक महिला, संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना शिकवू लागले. अभ्यासकांकडे योगायोगाने २०१९ पासूनची, म्हणजे कोरोनाच्या आधीची, हजारो मुलांची माहिती होती. डिसेंबर २०२१ मध्ये मुलं खूप मागे पडलेली दिसली. शाळा उघडल्यानंतर सहा महिन्यांत त्यातली सुमारे दोन तृतीयांश तूट भरून निघाली.

एखाद्या राजकीय पोस्टरवर हे कसं छापलं असतं? ‘आमच्या योजनेने दोन तृतीयांश तूट भरली’ असंच. पण अभ्यासकांनी विचारलं, कशाच्या तुलनेत? शाळा उघडल्या म्हणून तर मुलं सावरणारच होती. हा भाग वेगळा काढल्यावर त्यांचा अंदाज आला, की या सुधारणेतला साधारण २४ टक्के वाटा योजनेचा. इतक्या कमी खर्चाच्या योजनेसाठी हेही मोठं यश आहे, आणि ते खरं असल्यामुळे त्यावर पुढचं काही उभारता येतं.

तमिळनाडू सरकारने २०१४ मध्येच जे-पाल या संशोधन संस्थेशी करार केला होता, की आपल्या योजना अशा पद्धतीने तपासून बघायच्या. २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या आर्थिक सल्लागार परिषदेत एस्थर ड्युफ्लो, रघुराम राजन, ज्याँ द्रेझ अशी नावं होती. आपल्याच योजना तपासायला देणं सोपं नसतं. निकाल वाईट आला तर विरोधक तयारच असतात.

कर्ज आणि गाय: दोन धडे

निकाल वाईट येतात तेव्हाच या पद्धतीची खरी परीक्षा असते.

बचत गट आणि छोटी कर्जं यांचं आपल्याकडे मोठं कौतुक झालं. बायकांना छोटं कर्ज मिळालं की धंदा उभा राहील आणि गरिबी हटेल, असं म्हटलं जायचं. हैदराबादच्या १०४ वस्त्यांत हे तपासलं गेलं. २००५ नंतर चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्या वस्त्यांत कर्ज देणारी कंपनी आधी गेली. काही धंदे वाढले, काही घरांत टिकाऊ वस्तू आल्या. पण घरखर्चात, मुलांच्या शाळेत किंवा बायकांच्या घरातल्या शब्दाला मिळणाऱ्या किमतीत मोठा बदल दिसला नाही. कर्ज वाईट ठरलं नाही, पण जादूची कांडीही निघालं नाही.

दुसरी गोष्ट गाईची. तमिळनाडूत २०११ मध्ये गरीब कुटुंबांना दुभत्या गाई आणि शेळ्या मोफत देण्याची योजना आली होती, त्यामुळे ओरत्तनाडुच्या लोकांना हा विषय नवा नाही. जनावर दिलं की गरिबी हटते का? पश्चिम बंगालमध्ये ‘बंधन’ संस्थेने अत्यंत गरीब बायकांना जनावर दिलं, आणि सोबत काही महिने खर्चाला थोडे पैसे, जनावर सांभाळायचं शिक्षण, बचतीची सवय आणि दर आठवड्याला घरी येऊन विचारपूस करणारं माणूस. दीडेक वर्षाने मदत थांबली. दहा वर्षांनी पाहिलं तरी ती कुटुंबं दुसऱ्या गटापेक्षा चांगली खात-पीत होती. असाच उपक्रम सहा देशांत तपासला गेला आणि बिहार सरकारने २०१८ मध्ये याच धर्तीवर ‘सतत जीविकोपार्जन योजना’ सुरू केली.

पण तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, मेदक जिल्ह्यात, जवळपास तोच उपक्रम केला तेव्हा दोन गटांत फरकच निघाला नाही. का? तिथे त्या काळात शेतमजुरी चांगली वाढली होती. ज्यांना जनावर मिळालं नाही, त्या बायका मजुरीवर जाऊन तेवढंच कमावत होत्या. जनावर मिळालेल्या काही बायकांनीही ते विकून मजुरीच धरली. फक्त लाभार्थींकडे पाहिलं असतं तर योजना यशस्वी वाटली असती, कारण त्यांची परिस्थिती खरंच सुधारली होती. पण शेजारणीचीही सुधारली होती.

एका ठिकाणचा पुरावा दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही. बंगालमधली गाय ओरत्तनाडुत आणण्याआधी विचारावं लागेल: इथे मजुरी काय आहे, चारा कुठून येणार, दूध कोण घेणार?

चिठ्ठीने न सुटणारे प्रश्न

तुमच्या मनात एक शंका आली असेल. अर्ध्या गावांना मदत द्यायची आणि अर्ध्यांना बघत बसायचं, हे माणुसकीला धरून आहे का?

शंका योग्य आहे. जे उपयोगी आहे हे आधीच पक्कं ठाऊक आहे, ते कोणापासून रोखून ‘प्रयोग’ करणं चूकच. लसीसाठी कोणी चिठ्ठी टाकू नये. पण बहुतेक वेळा दोन गोष्टी खऱ्या असतात. उपयोग होईल की नाही हे माहीत नसतं, आणि पैसे सगळ्यांना पुरत नाहीत. मग चिठ्ठी हाच त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग ठरतो. आपल्याला तो ओळखीचाही आहे. म्हाडाच्या घरांची सोडत निघते, शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांची सोडत निघते. मुंबईत म्हाडाचं घर लागलेल्या आणि न लागलेल्या कुटुंबांची तुलना करून तनू कुमार या संशोधिकेने पाहिलं, की घर लागलेले लोक वस्तीच्या प्रश्नांसाठी पालिकेकडे आणि लोकप्रतिनिधींकडे जास्त जाऊ लागले होते.

काही प्रश्न मात्र चिठ्ठीच्या आवाक्याबाहेरचे आहेत. २५ डिसेंबर १९६८ ला तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरीच्या वादातून दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत आसऱ्याला गेलेली ४४ माणसं जाळून मारली गेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. त्यानंतर १९६९ मध्ये या जिल्ह्यातल्या शेतमजुरांच्या रास्त मजुरीसाठी राज्याने कायदा केला. जमीन कोणाची, मजुरी किती, माणसाला माणूस मानायचं की नाही, हे ठरवायला कोणत्या प्रयोगाच्या निकालाची वाट बघायची नसते. ते हक्काचे प्रश्न आहेत.

पण हक्काच्या प्रश्नालाही आकड्यांचा आधार लागतो, हे आपल्या महाराष्ट्राने दाखवलं आहे. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटापुरतं अन्न मिळायला किती खर्च लागतो ते काढून त्यांनी दाखवलं, की १९६०-६१ मध्ये खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं त्या रेषेखाली होती. त्यांनी सुचवलेला एक मार्ग होता, मागेल त्याला काम. इकडे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात १९६५ मध्ये ही कल्पना लहान प्रमाणावर करूनही पाहिली होती. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर निघाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्याला हाच अनुभव उपयोगी पडला. यात कुठे चिठ्ठ्या नव्हत्या. पण आधी मोजणं, मग लहान प्रमाणावर करून बघणं, मग कायदा, ही वाट तीच होती.

आणि आपण?

हे सगळं सरकारचं आणि प्राध्यापकांचं काम, असं वाटत असेल तर जरा थांबा. आपण सगळेच कुठे ना कुठे मदत करतो. वाढदिवसाला अनाथाश्रमात जेवण, गावच्या शाळेला दप्तरं, घरकामाच्या ताईंच्या मुलीची फी, व्हॉट्सॲपवर आलेल्या एखाद्या आवाहनाला पाचशे रुपये. फोटो येतो, मन भरून येतं आणि विषय संपतो.

पुढच्या वेळी तीन प्रश्न विचारून बघा. एक, किती वाटलं हे राहू दे, त्यामुळे काय बदललं? दोन, ही मदत नसती तर काय झालं असतं? तीन, कोण राहिलं?

शाळेला दप्तरं देण्याआधी मुख्याध्यापकांना एकदा विचारा, की मुलांचं नेमकं कुठे अडतं. कदाचित उत्तर येईल, दप्तरं तीन संस्थांनी दिली, पण तिसरीतल्या दहा मुलांना अजून वाचता येत नाही. मग पैशांपेक्षा शनिवारचे दोन तास जास्त कामाला येतील. शिकवायला लागण्याआधी कोणाला किती येतं ते एका वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघा. आणि निकाल मनासारखा नाही आला, तर नाराज होऊ नका, पद्धत बदला. घरातल्या मुलांनाही यात घ्या. त्यांना असे हिशेब आपल्यापेक्षा जास्त आवडतात.

ओरत्तनाडुच्या वाटेवरच्या छत्रांत मध्यरात्री घंटा वाजायची ती पोटभर वाढून झाल्यावर. दिवसभर शेकडो पानं वाढून दमलेल्या माणसांना तेव्हा झोपावंसंच वाटत असणार. तरी कोणीतरी उठायचं आणि राहिलेल्यांना हाक मारायचं. मदत करून झाल्यावरचं हे काम कंटाळवाणं असतं आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही. पण ज्याचं पान राहिलं होतं, त्याच्यासाठी सगळ्या छत्राची किंमत त्या घंटेत होती.